बैलगाडी बरोबर आठ मोटारी

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या एका पुस्तिकेत छोटासा तक्ता आहे. मोटारीसमोर १ हा आकडा. मोटारसायकल ०.५, ट्रक किंवा बस ३, टांगा ४, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ४.५. आणि सगळ्यांत मोठा आकडा बैलगाडीचा, ८. रस्त्यावर एक बैलगाडी आली म्हणजे आठ मोटारी आल्यासारख्या धरायच्या. या मापाला पीसीयू म्हणजे पॅसेंजर कार युनिट म्हणतात. रस्ता दुपदरी ठेवायचा की चौपदरी करायचा, बायपास काढायचा की पूल रुंद करायचा, हे ठरवणारे जाडजूड अहवाल याच आकड्यांवर उभे असतात. आणि ते आकडे वापरायचे तर आधी कुणीतरी रस्त्याच्या कडेला बसून गाड्या मोजाव्या लागतात.

त्या मोजणाऱ्यांत मी बरीच वर्षे होतो, आणि तेही खानदेशात. मुंबई-आग्रा रस्ता, सुरत-नागपूर रस्ता आणि सोलापूरकडून येणारा रस्ता असे तीन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना भेटतात. आशियाई महामार्गांच्या नकाशावरही ४६ आणि ४७ या दोन क्रमांकांची भेट इथेच होते. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, सहाचा त्रेपन्न झाला. जळगावची जुनी माणसे अजून ‘सहा नंबर’च म्हणतात आणि धुळ्यात ‘आग्रा रोड’. मीही तसेच म्हणणार आहे.

फागण्याजवळ मोजणी चालू असताना कापसाची गाडी घेऊन निघालेले एक आजोबा आमच्या टेबलाशी थांबले. ‘काय मोजी ऱ्हायनात भाऊ?’ मी त्यांना तक्ता वाचून दाखवला. बैलगाडीचा आकडा ऐकून त्यांना आनंद झाला. मग कासरा ओढता ओढता त्यांनी विचारले, ‘भरेल गाडी आनि रिकामी गाडी, दोन्ही आठच का?’

हा प्रश्न मी पुढे अनेक तरुण अभियंत्यांना सांगितला, कारण भारतातल्या वाहतूक संशोधनाचा गाभाच त्यात आहे. भरलेली गाडी हळू चालते, रिकामी त्यामानाने भरभर. रुंद रस्त्यावर तिला वळसा घालून जाता येते, अरुंद पुलावर येत नाही. मग सगळीकडे आठ कसे? रुरकीला प्रा. सतीश चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात याच प्रश्नाला हात घातला. त्यांची रीत समजायला सोपी आहे: एखादे वाहन मोटारीच्या मानाने किती पट हळू चालते आणि किती पट जागा खाते, या दोन गोष्टींचा गुणाकार करायचा. वेग बदलला की आकडाही बदलतो. त्याच ट्रकचा आकडा नशिराबादच्या सपाटीवर वेगळा आणि लळिंगच्या चढावर वेगळा. पुढे दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने देशातल्या अनेक संस्था जोडून ‘इंडो-एचसीएम’ ही भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची पुस्तिका २०१७ साली तयार केली. तोवर आपण अमेरिकन पुस्तिकेचाही आधार घेऊन आपल्या रस्त्यांची गणिते मांडत होतो. या कामात मुंबईची आयआयटी होती आणि आमच्या सहा नंबरच्या पश्चिम टोकाला असलेली सुरतेची एसव्हीएनआयटीही होती. त्या पुस्तिकेतले बदलते पीसीयू पाहिले तेव्हा मला फागण्याचे आजोबा आठवले.

मोजणीचा नियम असा की वर्षातून निदान दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास मोजायचे. एकदा ऐन सुगीत, बाजार भरात असताना, आणि एकदा मंदीच्या दिवसांत. कागदावर वाहनांच्या जातींचे रकाने. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, झाले पाच. आठ-आठ तासांच्या पाळ्या. दिवसा हे काम कोणालाही जमते. कस लागतो तो रात्री दोन ते पहाटे पाचमध्ये. अंधारात समोरून फक्त दोन दिवे येतात. त्यांच्या उंचीवरून आणि इंजिनाच्या आवाजावरून ट्रक की बस हे ओळखायचे, आणि गाडी बाजूने गेली की मागच्या चाकांच्या घरघरीवरून दोन आसांची की तीन आसांची ते ठरवायचे. आमच्याकडे जळगावच्या एका कॉलेजातली मुले सुटीत या कामाला येत. त्यातली काही इतकी तयार झाली की डोळे मिटून सांगत, ‘टँकर, रिकामा.’ आणि तो टँकर असे, रिकामाच असे.

वेग मोजण्याचे काम त्याहून नाजूक. अंगात चमकदार जॅकेट, हातात पॅड आणि बाजूला जीप दिसली की ट्रकवाल्याला आपण आरटीओ वाटतो. तो पाय ब्रेकवर ठेवतो आणि समोरून येणाऱ्याला डिपर देतो. तो पुढच्याला देतो. पारोळ्यापर्यंतच्या सगळ्या ट्रकांना अर्ध्या तासात खबर लागते आणि मग येणारी प्रत्येक गाडी शहाण्यासारखी हळू चालते. त्या आकड्यांना काडीची किंमत नसते. म्हणून वेगाची मोजणी कडुनिंबाआड, टपरीच्या मागे, कुणाच्या लक्षात येण्याआधी उरकावी लागते. गाड्या थांबवून ‘कुठून आलात, कुठे निघालात, माल काय’ विचारायचे असते तेव्हा पोलिसांची मदत लागते आणि पोलिस दिसले की उत्तरे बदलतात. चोपड्याकडची केळी भरून आग्रा रोडने उत्तरेकडे निघालेला ड्रायव्हर मात्र कधी खोटे बोलला नाही. त्याला फक्त थांबायचे नसे. माल वाटेत पिकायला लागला तर सौद्यात भाव तुटतो, हे त्याचे म्हणणे. आम्ही त्याला सगळ्यांत आधी सोडत असू.

आणि चैत्र. सप्तशृंगीच्या यात्रेला खानदेशातून हजारो माणसे पायी वणीच्या गडाकडे निघतात. जळगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा, सगळीकडून येणाऱ्या दिंड्या. रात्रीच्या गारव्यात चालायचे, उन्हात मुक्काम करायचा. आग्रा रोडची डावी बाजू त्या दिवसांत त्यांचीच असते आणि सगळी वाहने एका पदराने उजवीकडे सरकतात. रस्त्याची क्षमता किती घटली हे डोळ्यांना दिसत असते, पण आमच्या कागदात पायी चालणाऱ्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहीत असे: ‘पदयात्री, सतत.’ टंकलेल्या अहवालात समास येत नाही.

वाहतुकीच्या शास्त्राचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा सगळ्यांत आधी मला हेच जाणवले, की मोठमोठी प्रमेये कुणीतरी रस्त्याच्या कडेला उभे राहून, साध्या साधनांनी मोजल्यावर निघालेली आहेत. आणि जिथे मोजणी अपुरी राहिली, तिथे चूक पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत टिकून राहिली.

ब्रूस ग्रीनशील्ड्सची गोष्ट अशीच आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला या माणसाने अमेरिकेतल्या ओहायोत रस्त्याकडेला १६ मिलिमीटरचा सिनेमाचा कॅमेरा उभा केला आणि ठरावीक अंतराने चित्रे घेतली. दोन चित्रांमध्ये गाडी किती सरकली यावरून वेग, आणि चौकटीत किती गाड्या मावल्या यावरून दाटी. १९३५ साली त्याने निष्कर्ष छापला: दाटी वाढते तसा वेग सरळ रेषेत कमी होतो. ही रेषा जगातल्या प्रत्येक वाहतूक अभियंत्याने शिकलेली आहे, मीही शिकलो. पण त्या रेषेमागची मोजणी पाहिली की माणूस थबकतो. नोंदी लेबर डेच्या सुटीच्या गर्दीतल्या. बिंदू जवळजवळ सगळे रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतानाचे. दाट कोंडीच्या बाजूला अवघा एक बिंदू, आणि तोही दुसऱ्याच रस्त्यावरून आणलेला. त्या एका परक्या बिंदूकडे रेषा ओढली गेली आणि ती तशीच राहिली.

त्या रेषेतून एक उत्तर आपोआप निघते: मोकळ्या रस्त्यावर गाडी ज्या वेगाने जाते त्याच्या निम्म्या वेगाला रस्ता सर्वाधिक गाड्या वाहून नेतो. हे उत्तर खोडून काढले ते मुंबईत शिकलेल्या माणसाने, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

प्रवीण वरैया १९४० साली मुंबईत जन्मले. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये इंजिनीअर झाले, बर्कलेला जाऊन लोत्फी झादेह यांच्या हाताखाली १९६६ साली पीएचडी केली आणि तिथेच प्राध्यापक झाले. खरे तर ते नियंत्रणशास्त्रातले, गणिती माणूस. नव्वदच्या दशकात ते रस्त्यांकडे वळले. पुढे कॅलिफोर्नियाच्या महामार्गांच्या डांबराखाली पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून दर तीस सेकंदांनी येणारी माहिती एकत्र करणारी ‘पेम्स’ ही व्यवस्था त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उभी केली. ही वेटोळी आधीपासूनच होती. त्यांतून येणारी माहिती एका जागी आणून, तपासून, सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवलेली नव्हती. लॉस एंजेलिसच्या तीन हजारांहून अधिक वेटोळ्यांच्या नोंदी त्यांनी पिंजून काढल्या आणि २००१ साली सांगितले, की महामार्ग सर्वाधिक गाड्या वाहून नेतो तो निम्म्या वेगाला नव्हे. मोकळ्या रस्त्याच्या पूर्ण वेगाला, ताशी सुमारे ९६ किलोमीटरला. वेग तुटला की रस्त्याची क्षमताही तुटते. म्हणून कोंडी होऊ न देणे हाच रस्ता रुंद करण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय. ग्रीनशील्ड्सचा तो एकटा बिंदू आणि हे हजारो बिंदू यांच्यामध्ये सहासष्ट वर्षे गेली.

वरैयांचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते मात्र चालकाविना धावणाऱ्या मोटारींच्या संदर्भात. अमेरिकेत हे स्वप्न जुने आहे. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात जनरल मोटर्सने स्वयंचलित महामार्गांची प्रचंड प्रतिकृती मांडली होती. १९९१ साली तिथल्या काँग्रेसने कायद्यातच लिहिले की अशा महामार्गाचा नमुना करून दाखवा. बर्कलेच्या ‘पाथ’ या संशोधन कार्यक्रमाचे वरैया १९९४ ते ९७ संचालक होते आणि ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन दिएगोच्या उत्तरेला आय-१५ रस्त्याच्या सुमारे १२ किलोमीटरच्या राखीव पट्ट्यावर तो नमुना धावला. रस्त्यात दर १.२ मीटरवर चुंबके पुरली होती. आठ ब्युइक मोटारी, ताशी ९६ किलोमीटर वेग, दोन मोटारींत फक्त साडेसहा मीटर अंतर, आणि स्टिअरिंगवर कुणाचेही हात नाहीत. आठ मोटारींची ही माळ रस्त्यावर एका मोठ्या वाहनासारखी चालते, मधली रिकामी जागा वाचते आणि त्याच पदरातून दुप्पट-तिप्पट गाड्या जाऊ शकतात, असे त्यांचे गणित होते. प्रयोग नेटका पार पडला. नंतर वर्षभरात सरकारने पैसे आवरते घेतले आणि कार्यक्रम बंद झाला. वरैया थांबले नाहीत. आज आहेत त्याच साध्या गाड्या आणि साधे रस्ते अधिक चांगले कसे चालवता येतील, हे शोधण्यासाठी ते मोजणीकडे गेले. स्वयंचलित महामार्गाच्या शिखरावर पोहोचलेला संशोधक वेटोळ्यांतले आकडे तपासत बसला, याचे मला मोल वाटते. २०२२ साली ते गेले.

आता नदीची गोष्ट. १९५५ साली मँचेस्टरमधल्या जेम्स लाइटहिल आणि जेरल्ड व्हिटम या दोन गणितज्ञांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जोडीने दोन निबंध छापले. दुसरा होता लांबलचक गजबजलेल्या रस्त्यांवरच्या वाहतुकीबद्दल. पहिला होता लांब नद्यांमधल्या पुराबद्दल. एकच गणित दोन्हींना लावले होते. खानदेशातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठची गावे तासांच्या हिशोबात बोलू लागतात. सावळद्याला पाणी कधी, सारंगखेड्याला कधी, प्रकाशाला कधी. पुराचा लोंढा नदीतल्या पाण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने पुढे सरकतो, म्हणून फुगवटा अंदाजापेक्षा लवकर येऊन आदळतो. रस्त्यावर उलटे घडते. गाड्या पुढे चाललेल्या असतात आणि दाटीची लाट गाड्यांच्या मानाने मागे पडते. दाटी फार झाली की ती चक्क मागच्या दिशेने प्रवास करू लागते. एरंडोलकडे ट्रक बंद पडलेला असतो आणि त्याची कोंडी जळगावजवळच्या बांभोरीला पोहोचते तेव्हा तो ट्रक केव्हाच निघून गेलेला असतो.

या लाइटहिलबद्दल इंग्लंडमध्ये एक किस्सा सांगतात. ते केंब्रिजला न्यूटनच्या गादीवर, ल्युकेशियन प्राध्यापक होते. वेगमर्यादा मोडली म्हणून त्यांना कोर्टात उभे केले. त्यांनी सांगितले, की मला यंत्रशास्त्राचे नियम पक्के ठाऊक आहेत आणि ऊर्जा वाया न घालवणे हे नागरिक म्हणून माझे कर्तव्य आहे, म्हणून उतारावर मी ब्रेक लावत नाही. म्हणे कोर्टाने त्यांना सोडून दिले.

हा किस्सा सभेत ऐकला की लोक हसतात. मला तो ऐकताना आग्रा रोडच्या खानदेशातल्या उत्तर टोकाचा उतार दिसतो. सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात शिरलेल्या ट्रकांपैकी कित्येक डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये येतात. इंजिनाचा अटकाव सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला एक कंटेनर ब्रेक निकामी होऊन वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा जणांचे प्राण गेले. गाडी पुढे काय आहे हे ओळखून आपणहून वेग आवरते, हे तंत्रज्ञान कुणाला श्रीमंतांच्या मोटारीतली चैन वाटत असेल. मला ते सगळ्यांत आधी या उतारावर, या ट्रकांत हवे आहे. ब्रेकच्या ड्रमचे तापमान ड्रायव्हरला दाखवणारा साधा दिवादेखील पुष्कळ काम करील.

चढाची गोष्ट वेगळी. चाळीसगावहून कन्नडला चढणारा औट्रम घाट ज्याने पाहिला त्याला कोंडी म्हणजे काय ते माहीत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या त्याच १९९० च्या पुस्तिकेत म्हटले आहे, की सपाट, सरळ मुलखातला दुपदरी रस्ता दिवसाला १५,००० पीसीयू झेलू शकतो. तोच रस्ता वळणावळणाच्या डोंगरात ५,०००. धुळे-सोलापूर रस्त्याची सगळी जड वाहतूक या तिसऱ्या हिश्श्याच्या नरड्यातून जात होती. तेव्हाचे चित्र असे: भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढतो. मागची मोटार धीर सोडून उजवीकडे येते. तिच्यामागे दहा येतात. समोरून उतरणारी बस थांबते, आणि दोन्ही दिशांच्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात. चढावर थांबलेल्या ट्रकाचा क्लीनर उडी मारून मागच्या चाकाला दगड लावतो, आणि मग रात्र तिथेच. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला. ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना तिथून बंदी झाली. बोगद्याची मागणी कित्येक वर्षांची आहे.

बोगदा होईल तेव्हा होवो. पण न्यूयॉर्कच्या एका जुन्या बोगद्यात घडलेली गोष्ट घाटांची जबाबदारी असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचायला हवी. हडसन नदीखालच्या हॉलंड टनेलमध्ये १९५०च्या दशकाच्या शेवटी लेस्ली ईडी आणि रॉबर्ट फूट या पोर्ट ऑथॉरिटीच्या दोघांनी एक प्रयोग केला. गाड्या येतील तशा सोडल्या तर एका तासात १,१७६ बाहेर पडत. मग त्यांनी ठरवले, दर दोन मिनिटांत ४४ च सोडायच्या. दोन मिनिटे भरायच्या आत ४४ झाल्या तर पोलिसाने पुढच्यांना दहा सेकंद अडवायचे. तोंडाशी गाड्या थांबलेल्या पाहून लोक चिडले असतील, पण तासाला १,३२० गाड्या पार होऊ लागल्या. मधे मोकळी जागा राहिली की एका गाडीच्या ब्रेकची लाट मागच्या घोळक्यापर्यंत पोहोचण्याआधी विरून जाते. आपले वाहतूक पोलिसही घाटाखाली गाड्या अडवून टप्प्याटप्प्याने सोडतात. ते काम त्यांना उत्तम येते. फरक एवढाच, की आपण ते कोंडी झाल्यावर करतो आणि ईडी-फूट यांनी ते कोंडी होण्याआधी केले. आधी करायचे तर किती सोडायच्या हा आकडा हातात असावा लागतो, आणि तो आकडा त्या घाटातच, त्या ट्रकांवरच, त्या पावसातच मोजावा लागतो. न्यूयॉर्कचे ४४ इथे चालणार नाहीत.

याच काळात डेट्रॉइटजवळ जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हर्मन नावाचा एक भौतिकशास्त्रज्ञ काम करत होता. १९४८ मध्ये त्याने राल्फ अल्फरच्या साथीने विश्वाच्या जन्माच्या उरलेल्या उष्णतेचा अंदाज बांधला होता, सुमारे ५ केल्विन. ती प्रत्यक्षात सापडली तेव्हा नोबेल दुसऱ्यांना मिळाले. तोवर हा माणूस दोन मोटारी तारेने एकमेकींना जोडून, पुढच्याने ब्रेक दाबल्यावर मागच्याचा पाय किती वेळाने हलतो हे मोजत होता. सुमारे दीड सेकंद. विश्वाचे तापमान काढणाऱ्याला हे काम हलके वाटले नाही, हे मला मोजणीच्या मुलांना आवर्जून सांगावेसे वाटे.

त्या दीड सेकंदाची करामत २००८ साली छापलेल्या जपानी प्रयोगात सगळ्या जगाने पाहिली. युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळात २२ मोटारी लावल्या आणि सगळ्यांना सांगितले, ताशी ३० किलोमीटरने फिरत राहा. ना सिग्नल, ना खड्डा, ना चौक. थोड्याच वेळात कोंडी आपोआप उगवली आणि ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे मागे सरकू लागली. नंतर अमेरिकेत टक्सनला तसल्याच वर्तुळात एकच स्वयंचलित मोटार घातली. तिने पुढच्या गाडीमागे धावण्याऐवजी एकसारखा वेग धरला आणि वीसेक मोटारींची लाट निवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये नॅशव्हिलला खऱ्या महामार्गावर अशा १०० मोटारी उतरवून पाहिल्या.

आपल्याकडे काय होईल? मला विचाराल तर तो प्रश्न अजून कुणी नीट मोजलेलाच नाही. स्वयंचलित मोटारीने पुढे जी मोकळी जागा ठेवली, त्यात आपल्याकडे दोन मोटारसायकली आणि एक रिक्षा शिरेल. ते वागणे बेशिस्त म्हणून सोडून देता येत नाही. त्याचेही नियम आहेत. संशोधकांच्या एका चमूने चेन्नईत सैदापेटच्या पुलावरचे पंधरा मिनिटांचे चित्रण घेऊन सुमारे तीन हजार वाहनांपैकी प्रत्येकाचा माग काढला, कोण कुठल्या फटीतून कसे सरकले तो. ती नोंद जगभरचे अभ्यासक वापरतात, कारण पदर न पाळणाऱ्या वाहतुकीची इतकी बारीक नोंद दुर्मीळ आहे. तेही शहर, तिथे उसाची ट्रॉली नाही. खानदेशच्या महामार्गावर दिवा नसलेली ट्रॉली आहे, गिरणेच्या वाळूचे डंपर आहेत, आणि नवरात्रात वणीच्या गडावरून ज्योत घेऊन रात्रभर धावत येणारी मंडळांची पोरे आहेत. पुढे ज्योत, तिच्यामागे अनवाणी धावणारे दहा-वीस जण, शेवटी टेम्पो. कॅलिफोर्नियात शिकलेल्या मोटारीच्या कॅमेऱ्याला हे दृश्य काय वाटेल? आग? वाहन? माणूस? तिला ते इथेच शिकवावे लागेल, इथल्या चित्रणावरून.

याच सहा नंबरवर पुढे, अमरावती ते अकोला, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ते बांधण्याची आपली ताकद एवढी मोठी आहे. जळगावकरांनी शहरातल्या महामार्गालगतच्या समांतर रस्त्यांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली, कारण तिथे घरची माणसे गेली होती. त्या मागणीला आकड्यांचे बळ आधी मिळाले असते तर ती इतकी वर्षे रखडली नसती, असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझे एक मागणे आहे, आणि ते अगदी आवाक्यातले आहे. जळगावचे विद्यापीठ बांभोरीला, महामार्गालगत आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयही तिथेच. गिरणेचा पूल हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे गाड्या तुंबतात. पुलाच्या दोन्ही टोकांना उंच खांबांवर एकेक कॅमेरा लावावा, चित्रणातून गाड्या ओळखण्याचे काम आता संगणक बऱ्यापैकी करतो, चुका मुलांनी हाताने सुधाराव्यात. दर तासाचे आकडे वरैयांच्या पेम्सप्रमाणे कुणालाही पाहता येतील असे खुले ठेवावेत. पत्रकाराला, ट्रक मालकाला, ग्रामपंचायतीला. धुळ्याच्या महाविद्यालयांनी असेच एक ठाणे लळिंगच्या चढावर करावे. बांभोरीची पहिली मोजणी कापसाच्या हंगामात, भरलेल्या आणि रिकाम्या गाड्यांचे रकाने वेगळे आखून. लळिंगची पहिली चैत्रात, यात्रेच्या आठवड्यात, पायी चालणाऱ्यांचा रकाना सगळ्यांत आधी आखून.